जुना डिझेल ट्रॅक्टर : त्याची निगा आणि त्याची वही

ठाणें जिल्ह्यांतील कल्याण, अंबरनाथ, मुरबाड व शहापूर ह्या तालुक्यांत बैलजोडी विकल्यावर तिच्या जागीं जो ट्रॅक्टर येतो तो पुष्कळदां नवा नसतो. दुसऱ्याच्या हातून उतरलेला असतो. ह्यांत नवल नाहीं. आमच्याकडील भाताचीं खाचरें मुळांत लहान, त्यांत वारसांच्या वांटण्यांनीं तीं अधिकच लहान झालेलीं. कल्याण-डोंबिवलीच्या आसपासचीं तर कित्येक खाचरें इमारतींखालीं गेलेलीं. दीड-दोन एकरांच्या धन्यानें नव्या ट्रॅक्टरसाठीं कर्ज काढलें तर तें त्या दोन एकरांतून फिटण्यासारखें नसतें. म्हणून तो घाटावर दहा-पंधरा वर्षें राबलेला, पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतो, पावसाळ्यांत स्वतःची व शेजाऱ्यांची चिखलणी उरकतो आणि उन्हाळ्यांत तोच ट्रॅक्टर वीटभट्टीच्या ट्रॉलीस जोडून हप्ता भागवितो. असा ट्रॅक्टर ऐन लावणींत बंद पडला तर नुकसान त्याच्या एकट्याचें होत नाहीं. त्याच्या भरंवशावर बसलेल्या दहा-बारा घरांचें राबावरचें रोप जून होऊन जातें.

ट्रॅक्टरबरोबर कारखान्याची जी पुस्तिका मिळते ती नव्या गाडीकरितां लिहिलेली असते. ती खोटी नसते. परंतु तिच्यांत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, गाडीचा मागील इतिहास धन्यास ठाऊक आहे. आणि दुसरी, तिच्या कामाचे सर्व तास सारखेच आहेत. जुन्या गाडीच्या बाबतींत, आणि विशेषतः आमच्या जिल्ह्यांत, ह्यांतील एकहि गोष्ट खरी नसते. प्रस्तुत लेखक कांहीं यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. महसूल खात्यांतील कारकुनीवरून निवृत्त झाल्यावर पुतण्याच्या जुन्या ट्रॅक्टरची वही ठेवण्याचें काम आमच्याकडे आलें. चाक तो धरतो, लेखणी आम्ही धरतों. त्या अनुभवावरून आमचें असें ठाम मत झालें आहे कीं, जुन्या ट्रॅक्टरची निगा पान्यानें सुरू होत नाहीं, वहीनें होते; आणि ती वही तासांबरोबर ऋतूंचीहि ठेवावी लागते.

भारतांत तयार झालेला पहिला ट्रॅक्टर १९५९ सालीं फरिदाबादेस आयशरच्या कारखान्यांतून बाहेर पडला. पुढें १९६३ सालीं महिंद्र आणि अमेरिकेंतील इंटरनॅशनल हार्वेस्टर ह्यांनीं मिळून एक कंपनी काढली व तिचे ट्रॅक्टर मुंबईस कांदिवलीच्या कारखान्यांत, म्हणजे ठाण्याच्या येऊर डोंगराच्या पलीकडेच, तयार होऊं लागले. त्या वळणाचीं तीन-चार सिलिंडरांचीं साधीं इंजिनें अद्यापि आमच्या शेतांत चालतात, ह्याचें कारण त्यांत गुंतागुंत थोडी. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवितात कीं, तींत उडविलेलें डिझेल आपोआप पेट घेतें. तेव्हां दाब हा ह्या यंत्राचा प्राण होय. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजले कीं दाब निसटतो, ताकद जाते, गाडी सकाळीं सुरू होण्यास रडते आणि ऑइल पिऊं लागते. हें झीज होणें लांबविणें, हाच सर्व निगेचा हेतु. स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल, स्वच्छ ऑइल व पुरेसें पाणी ह्या चार गोष्टी वेळेवर मिळाल्या तर असें इंजिन हजारों तास तक्रार करीत नाहीं.

आतां आमच्याकडील तासांची गोष्ट. ह्या जिल्ह्यांत पाऊस अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पडतो आणि तो जवळ जवळ सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. जुलैंत ट्रॅक्टर लोखंडी जाळीचाकें लावून गुडघाभर चिखलांत रोटाव्हेटर ओढतो. दिवाळीनंतर तो भट्टीच्या लाल धुळींत विटा वाहतो. मध्यें भाद्रपद-आश्विनांत आणि पुन्हां वैशाखाच्या अखेरीस तो नुसता उभा असतो. चिखलांतील एक तास गिअरपेटीला व चाकांच्या सीलांना जड जातो, भट्टीवरील एक तास इंजिनाला जड जातो, आणि उभ्या गाडीचा एक महिना बॅटरी, क्लच व डिझेलच्या टांकीस जड जातो. मीटरवर मात्र हे सर्व तास एकाच आंकड्यानें चढतात, आणि उभ्या महिन्याचा तर आंकडाच पडत नाहीं. सातबाऱ्यावर जिराईत आणि बागाईत एकाच रकान्यांत मांडलें तर जो घोटाळा होईल तोच हा घोटाळा.

गाडी घरीं आली कीं पहिल्या आठवड्यांत तिचें नवें खातें उघडावें. विकणारा सांगतो कीं, ऑइल परवांच बदललें आहे. तो खरेंहि बोलत असेल. परंतु त्याचा शब्द हा आपला आरंभीचा शिल्लक आंकडा होऊं शकत नाहीं. इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर, डिझेलचे दोन्ही फिल्टर, एअर क्लीनरमधील ऑइल, रेडिएटरमधील पाणी हें सर्व बदलून टाकावें. गिअरपेटीचें ऑइल तपासावें आणि संशय आल्यास तेंहि बदलावें. इंजिनास साधारण सहा ते आठ लिटर ऑइल लागतें; गिअरपेटी व लिफ्ट मिळून तीस लिटरांहूनहि अधिक लागतें, म्हणून तेथें हात आंखडतो, हें आम्हांस ठाऊक आहे. पण जें बदललें तें कोणत्या तारखेस, मीटर किती असतांना, ही पहिली ओळ वहींत पडली म्हणजे गाडी आपली झाली. काढलेलें जुनें ऑइल लगेच ओतून देऊं नये. पांढऱ्या ताटलींत थोडें घेऊन उन्हांत पाहावें. चकाकणारा धातूचा कीस दिसला तर तें बेअरिंगचें बोलणें समजावें. ताकासारखा रंग दिसला तर आंत पाणी शिरत आहे.

कागद हाहि गाडीचा एक भागच, एवढें जुन्या संवयीनें सांगतों. इंजिन व चासीवरील क्रमांक नोंदणी-पुस्तकाशीं अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावे. मागील धन्याच्या बँकेचा बोजा उतरला नसेल तर नमुना ३५ आणि बँकेचा दाखला घेतल्याशिवाय पूर्ण पैसे मोजूं नयेत. हस्तांतराचे नमुने २९ व ३० सह्या करून घ्यावे. राज्यांतल्या राज्यांत विक्री झाल्यास विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावें असें मोटार वाहन कायदा, १९८८ सांगतो. शेतीकामासाठीं म्हणून विमा उतरविलेल्या ट्रॅक्टरनें भाड्याच्या विटा वाहतांना अपघात झाला तर भरपाईचा वाद उभा राहतो, हेंहि ध्यानांत असावें. जमिनीच्या फेरफारांत जितके तंटे आम्हीं पाहिले त्यांतील बहुतेक वेळेवर नोंद न केल्याचे होते.

वहीचा नमुना अवघड नाहीं. साधी दोनशे पानी वही घ्यावी. तारीख, मीटरचा सकाळचा आंकडा, संध्याकाळचा आंकडा, काम, डिझेल किती घातलें, कोणीं चालविला, आणि शेवटीं शेरा. ह्या सर्वांत शेऱ्याचा रकाना मोठा ठेवावा, कारण खरें धन त्यांतच सांठतें. ‘ऑइलच्या काठीवर अर्धें बोट उतरलें’, ‘उजवा ब्रेक खोल जातो’, ‘चढावर काळा धूर’, ‘पुढील डाव्या चाकाशीं आवाज’ असें दिसलें तसें लिहावें. निदान लिहिण्याचा मोह आवरावा. चालविणारा लिहूं शकत नसेल तर संध्याकाळीं त्याला विचारून घरांतील शाळकरी मुलानें लिहिलें तरी चालतें.

जुन्या गाड्यांचें मीटर बंद असतें किंवा तें दुसऱ्याच गाडीचें बसविलेलें असतें. शिवाय तें केबलवर चालणारें असेल तर इंजिनाच्या ठराविक फेऱ्यांनाच तें खरा तास दाखवितें. इंजिन मंद चालतांना घड्याळाचा तास होतो, पण मीटरचा होत नाहीं. मीटर बंद असेल तर डिझेलचा हिशेब ठेवावा. पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर मध्यम कामांत तासाला साधारण तीन ते चार लिटर डिझेल घेतो. एक पूर्ण दिवस टांकी भरून काम करावें, घड्याळ पाहावें, संध्याकाळीं पुन्हां टांकी भरावी. आपल्या गाडीचा आंकडा मिळतो. मग २५० तासांचें ऑइल बदलणें म्हणजे साधारण साडेसातशे ते हजार लिटर डिझेल जळणें, असा सरळ मेळ बसतो. पुस्तिकेंत आपल्या गाडीला कमी-अधिक तास दिले असतील तर तेच प्रमाण धरावेत.

ह्या वहीचा उपयोग काय, तें एका उदाहरणानें सांगतों. पुतण्याच्या ट्रॅक्टरला मार्गशीर्षांत चाळीस तासांस अर्धा लिटर ऑइल वर घालावें लागे. फाल्गुनांत तेवढेंच ऑइल पंचवीस तासांस लागूं लागलें. चालविणाऱ्याच्या लक्षांत हें येणें शक्य नव्हतें. तो रोज थोडें थोडें घालीत होता आणि रोजचें थोडें मनांत राहत नाहीं. वहीच्या दोन पानांवर मात्र तें उघड दिसलें. मेस्त्रीनें पाहिलें तर एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीची खालची बाजू चिरली होती आणि भट्टीवरची धूळ क्लीनरला वळसा घालून सरळ आंत जात होती. झालेली झीज भरून येत नाहीं, परंतु ती तेथेंच थांबली. एक नळी व दोन पट्ट्या बदलून काम भागलें. उशीर झाला असता तर संपूर्ण इंजिन उघडावें लागलें असतें.

म्हणून वीटभट्टीवर किंवा मुरमाच्या रस्त्यावर चालणाऱ्या ट्रॅक्टरला एअर क्लीनर हें पहिलें दैवत मानावें. जुन्या गाड्यांत तो बहुधा ऑइलचा असतो. खालच्या वाटींत खुणेपर्यंत ऑइल असतें व हवेंतील धूळ त्यांत बसते. शेतांत ही वाटी आठ-दहा दिवसांनीं धुतली तरी चालेल. भट्टीवर ती रोज उघडून पाहावी, आणि तळाशीं बोटभर गाळ दिसला कीं ऑइल फेकून, वाटी डिझेलनें धुवून, नवें ऑइल खुणेपर्यंतच भरावें. खुणेवर भरणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. जास्तीचें ऑइल इंजिन ओढून घेतें. वरची जाळीहि डिझेलांत धुवून निथळावी. नळी कोठें चिरली आहे काय ह्याची परीक्षा सोपी आहे: इंजिन मंद चालूं ठेवून हवा घेण्याचें तोंड तळहातानें किंवा सपाट फळीनें पूर्ण झांकावें. इंजिन गुदमरून बंद पडलें तर नळी धड आहे. चालत राहिलें तर हवा दुसरीकडून चोरून येत आहे.

डिझेलविषयीं पावसाळी मुलखांतला मुख्य शत्रु पाणी. अर्धी रिकामी टांकी रात्रीं थंड झाली कीं आंतील ओलसर हवेचें दंव धरतें आणि तें तळाशीं जातें. ह्यासाठीं सकाळीं भरण्याऐवजीं संध्याकाळीं टांकी भरावी. पुष्कळ शेतकरी डिझेलचें पिंप पडवींत किंवा उघड्यावर उभें ठेवतात. त्याच्या वरच्या खळग्यांत पाणी सांचतें आणि बुचाच्या आट्यांतून तें हळूहळू आंत उतरतें. पिंप आडवें किंवा निदान तिरपें ठेवावें, आणलेलें डिझेल एक दिवस स्थिर होऊं द्यावें व तळचें चार बोटें डिझेल टांकींत घालूं नये. फिल्टरखालील बुचांतून रोज सकाळीं गाडी सुरू करण्यापूर्वीं थोडें सोडून पाहावें. थेंब गोळा होऊन वेगळे दिसले तर तें पाणी. फिल्टर बदलल्यावर किंवा टांकी कोरडी पडल्यावर नळ्यांत हवा राहते. ती काढतांना टांकीच्या बाजूनें पुढें जावें, म्हणजे आधीं पहिला फिल्टर, मग दुसरा, मग पंप. हातपंप मारीत राहावें आणि बुडबुडे थांबून अखंड धार आली कीं त्या ठिकाणचा स्क्रू आवळावा. हा क्रम सोडून पंपापासून मागें येणारा मनुष्य सेल्फ मारून मारून बॅटरी संपवितो. पंप व नोझल ह्यांच्या आंत मात्र घरच्या माणसानें हात घालूं नये; तें काम ज्याच्याजवळ तपासण्याचें यंत्र आहे त्याचें.

धुराकडे बैलाच्या डोळ्यांकडे पाहावें तसें पाहावें. भार पडतांच थोडा काळा धूर येणें साहजिक. सतत काळा येत असेल तर हवा कमी, भार जास्त किंवा नोझल बिघडलेली. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. सकाळचा पांढरा धूर दोन-चार मिनिटांत जावा. गरम झाल्यावरहि तो राहिला आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल तर हेडचें गॅस्केट पाहावें. रेडिएटरचें पाणी गोडें असावें. ठाणें-कल्याण खाडीच्या कांठच्या खाजणांतील विहिरींचें मचूळ पाणी घातल्यास आंत गंज व क्षार बसतो; हल्लीं मिळणारें तयार कूलंट घातलें तर उत्तमच. झांकण तापलेलें असतांना उघडूं नये, हें सर्वांस ठाऊक असूनहि दरवर्षीं कोणाचा तरी हात भाजतो.

आतां चिखलणीकडे येऊं, कारण आमच्या जिल्ह्यांतील ट्रॅक्टर बहुधा तेथेंच मरतो आणि त्याचें मरण दिवाळींत कळतें. चिखलांत चालतांना मागील एक्सलचे सील पाण्याखालीं असतात. काम करून तापलेली गिअरपेटी थंड होऊं लागली कीं आंतील हवा आकसते आणि झिजलेल्या सीलांतून पाणी आंत ओढलें जातें. पाणी ऑइलशीं घुसळून त्याचें ताक होतें. गाडी चालते, म्हणून कोणास चिंता वाटत नाहीं. लावणी संपते, गाडी दोन महिने उभी राहते, पाणी तळाशीं बसतें आणि बेअरिंग व दांते गंजूं लागतात. काळू नदीच्या कांठच्या एका गांवीं असाच एक ट्रॅक्टर दिवाळीनंतर भट्टीवर निघाला आणि पहिल्याच आठवड्यांत गिअरपेटी ओरडूं लागली. ती उघडली तेव्हां आंत तांबड्या गंजाचा चिखल निघाला. सामान मिळून गाडी जोडली जाईपर्यंत भट्टीचा ऐन हंगाम सरला. हप्ते थकले, आणि धन्यानें अखेर ती गाडी भंगाराहून थोड्या अधिक किंमतीस दिली. गृहस्थ आळशी नव्हता. ऑइलची काठी तो रोज पाही; काठीवर ऑइल पुरेसें दिसे. पाणी शिरल्यावर काठीवरची पातळी कमी होत नाहीं, उलट वाढते, हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें.

ह्यावरची परीक्षा फुकट आहे. चिखलणीच्या दिवसांत आठवड्यांतून एकदां गाडी रात्रभर सपाट जागीं उभी ठेवावी. सकाळीं, सुरू करण्यापूर्वीं, गिअरपेटीखालचा डाट काढूं नये, नुसता सैल करावा. पाणी ऑइलहून जड असल्यामुळें रात्रींत तें तळाशीं बसलेलें असतें व आधीं तेंच ठिबकतें. पाण्यानंतर ऑइल आलें कीं डाट आवळावा आणि किती पाणी निघालें तें वहींत लिहावें. चमचाभर निघालें तर लक्ष ठेवावें. वाटीभर निघूं लागलें तर सील गेला. हंगामाच्या मध्येंच तीस लिटर ऑइल बदलणें परवडत नाहीं, आणि तें बदललें तरी सील गेलेला असतांना आठ दिवसांत तेंहि खराब होणार. म्हणून हंगामभर असें पाणी काढीत राहावें, शेवटचें खाचर झालें कीं आठ दिवसांच्या आंत सील व ऑइल दोन्ही बदलावेत. हा खर्च भाद्रपदावर ढकलूं नये, कारण झीज त्या उभ्या महिन्यांतच होते. ऑइल मुळांतच ताकासारखें घट्ट मिसळलेलें असेल तर तें रात्रभरानेंहि वेगळें होत नाहीं. मग बदलण्यावांचून इलाज नाहीं.

पुष्कळ गाड्यांत क्लचच्या पेटीखालीं एक भोंक असतें. चिखलणीपूर्वीं त्याला बूच लावावें व चिखलणी झाल्यावर तें काढावें. बूच विसरलें तर पाणी क्लचवर जातें. काढावयास विसरलें तर आंत झिरपणारें ऑइल बाहेर न येतां क्लचच्या पट्टीवर बसतें. इतर दिवसांत ह्या भोंकांतून ऑइल ठिबकत असेल तर तो सील गेल्याचा निरोप असतो. तो बूच मारून बंद करणें म्हणजे तक्रारदारालाच कोंडणें. ग्रीसच्या निपलांना चिखलणीच्या दिवसांत रोज, काम संपल्यावर, ग्रीस मारावें. सकाळीं मारण्यापेक्षां संध्याकाळीं मारणें बरें, कारण आंत शिरलेला चिखल ताज्या ग्रीसबरोबर त्याच दिवशीं बाहेर येतो. स्वच्छ ग्रीस बाहेर दिसेपर्यंत दाबावें. पुढील चाकांचे हब हंगामानंतर उघडून, धुवून, पुन्हां ग्रीसनें भरावे. टायरमध्यें वजनासाठीं पाणी भरलेलें असेल तर तें चिखलणीपूर्वीं काढावें. चिखलांत वजन वाढलें म्हणजे गाडी रुतते.

कोरड्या जातीच्या ब्रेकमध्यें चिखल शिरला कीं तो वाळून एक बाजू धरते व दुसरी सुटते. शेतांत हें खपतें, कारण तेथें वळण्यासाठीं एकेक ब्रेक वेगळाच दाबावयाचा असतो. परंतु तोच ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली घेऊन शिळ रस्त्यावर किंवा मुरबाड रस्त्यावर आला, दोन्ही पायदांड्या जोडणारी कडी लावलेली नसली आणि चालकानें घाबरून उजवी दांडी दाबली, तर गाडी गरकन् फिरून आडवी होते. शेतांतून डांबरी रस्त्यावर चाक ठेवण्याआधीं कडी लावावी, आणि दोन्ही ब्रेक सारखे लागतात कीं नाहीं हें मोकळ्या जागेंत रिकाम्या गाडीवर पाहून मगच ट्रॉली जोडावी. एक बाजू ओढत असेल तर त्या दिवशींच्या विटा राहिल्या तरी चालतील. रोटाव्हेटर फिरविणारा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदाला नऊ. लुंगीचा किंवा टॉवेलचा पदर त्यांत सांपडला तर ओरडण्यासहि वेळ मिळत नाहीं. जुन्या गाड्यांवर ह्या दांड्याचें झांकण क्वचितच शिल्लक असतें. बाकी सर्व सामान उधार ठेवा, पण तें झांकण आधीं आणा. आणि इंजिन बंद केल्याशिवाय अडकलेला पेंढा काढण्यास कोणास खालीं उतरूं देऊं नका.

पुराचा प्रसंग आमच्याकडे कल्पनेंतला नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं उल्हास नदीचें पाणी कल्याण-बदलापुराकडे घरांत शिरलें. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली व प्रवाशांना होड्यांतून काढावें लागलें. अशा वेळीं अंगणांतील ट्रॅक्टरहि बुडतो. पाणी ओसरल्यावर उत्सुकतेनें सेल्फ मारणें हा सर्वांत मोठा घात होय. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत पाणी असतांना पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वांकतो. प्रथम बॅटरीच्या तारा सोडाव्या, इंजिन व गिअरपेटीचें ऑइल, डिझेलची टांकी, फिल्टर आणि एअर क्लीनर रिकामे करावे, मेस्त्रीकडून नोझल काढवून इंजिन हातानें फिरवावें म्हणजे आंतलें पाणी बाहेर उडतें. हें पहिल्या दोन दिवसांत झालें तर गाडी वांचते. आठवड्यानें लायनरवर गंज चढतो. पुराचा इशारा मिळाल्यावर ट्रॅक्टर वरकसाच्या उंचवट्यावर नेऊन उभा करणें हें मात्र कोणत्याहि दुरुस्तीहून स्वस्त.

वर्षांत दोन मोठ्या तपासण्या ठरवून टाकाव्या. एक रोहिणी नक्षत्रांत, म्हणजे मृगापूर्वीं, चिखलणीच्या दृष्टीनें : सील, क्लचपेटीचें बूच, ग्रीसचीं निपलें, लिफ्ट आणि डिझेलचे फिल्टर. दुसरी खंडेनवमीस. त्या दिवशीं हत्यारें व वाहनें धुवून पूजण्याची चाल आहेच. झेंडूची माळ घालण्यापूर्वीं एअर क्लीनर, ब्रेक, टायर, दिवे व ट्रॉलीची खीळ पाहिली म्हणजे भट्टीच्या हंगामास गाडी सिद्ध होते. टायरची हवा शेतांत मागील चाकांस बारा-चौदा पौंड पुरते. रस्त्यावर भार ओढतांना पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें ती वाढवावी, नाहींतर टायरच्या कडा कातरतात.

राहिला उभ्या गाडीचा काळ. गाडी धुवून, वाळवून, छपराखालीं ठेवावी. टांकी पूर्ण भरावी. बॅटरीची एक तार सोडून ठेवावी व तिच्या टोकांस पेट्रोलियम जेली लावावी. आमच्या दमट हवेंत क्लचची पट्टी चिकटून बसते, म्हणून पायदांडी खालीं दाबून तिला लांकडाचा अडसर द्यावा. पंधरवड्यानें एकदां इंजिन सुरू करून चांगलें गरम होऊं द्यावें. दोन मिनिटें सुरू करून बंद करण्यानें आंत ओल धरते, त्यापेक्षां न केलेलें बरें. सायलेन्सरच्या तोंडावर पावसासाठीं रिकामा डबा उपडा घालावा, आणि तार सोडली आहे, अडसर लावला आहे, वर डबा आहे, हें त्या दिवसाच्या शेऱ्यांत लिहून वही सीटजवळच्या पेटींत ठेवावी, म्हणजे पुढें गाडी सुरू करावयास जो कोणी येईल तो आधीं तें वाचील.